शाळेची मूल्ये वेळापत्रकात शोधा : प्राथमिक शाळेविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलीला पहिलीत घालायचं आहे. दोन शाळांची माहितीपत्रकं समोर आहेत आणि दोन्हींत ‘बालककेंद्री’, ‘मूल्याधिष्ठित’, ‘सर्वांगीण विकास’ हेच शब्द आहेत. फरक ओळखायचा कसा?

उत्तर : माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि शाळेकडे तीन गोष्टी बघायला मागा : पहिली ते चौथीचं वेळापत्रक, कुठल्याही एका विषयाचं वार्षिक नियोजन आणि दुसरीतल्या दोन-तीन मुलांच्या वर्षाच्या मध्यावरच्या वह्या, नावं झाकून. शाळा कशाला किंमत देते ते या कागदांत दिसतं, कारण तिथे मिनिटं मोजलेली असतात.

वेळापत्रकात तास मोजा. आठवड्यात ३५ मिनिटांचे ४० तास आहेत असं धरा. वह्या काढणं, जागा बदलणं, हजेरी यांत प्रत्येक तासाची सात-आठ मिनिटं सहज जातात, म्हणजे शिकायला उरतात जेमतेम २७-२८ मिनिटं. पहिली-दुसरीत भाषेचे लागोपाठचे दोन तास रोज असतील तर मुलांना वाचायला, बोलायला आणि लिहायला सलग वेळ मिळतो. एकच तास असेल तर बहुतेक वेळ फळ्यावरचं उतरवून घेण्यातच संपतो. गणिताचा एक तास रोज हवा, आणि त्यातली पहिली दहा मिनिटं तोंडी हिशेबाची असली तर फारच उत्तम. मग चित्रकला, संगीत आणि खेळ यांचे तास पाहा आणि थेट विचारा, “परीक्षेच्या आदल्या आठवड्यात खेळाचा तास होतो का?” हो-नाहीच्या आधी समोरची व्यक्ती किती अडखळते, तेही ध्यानात ठेवा. मुलांनी स्वतः काय करायचं ते निवडावं असे आठवड्यात निदान दोन तास असले, तर ‘बालककेंद्री’ या शब्दाला काही अर्थ आहे.

वहीत एकही चूक नसेल तर ती वही मुलाने लिहिलेली नाही, फळ्यावरून उतरवलेली आहे. सगळ्या वह्यांत निबंधाचं पहिलं वाक्य एकच असेल तरी तेच समजायचं. चांगल्या वहीत तीन गोष्टी दिसतात : मुलाची चूक, ती कुठे आहे हे दाखवणारी शिक्षकांची खूण, आणि तिच्याखाली मुलाने स्वतः केलेली दुरुस्ती. ही तिसरी गोष्ट बहुतेक वह्यांत नसते. शिक्षकांनीच लाल शाईने बरोबर उत्तर लिहिलेलं असतं, म्हणजे विचार करण्याचं काम शिक्षकांनी केलेलं असतं.

वर्गात वीस मिनिटं बसू दिलं तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतात ते मनातल्या मनात मोजा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात हे मोजलं होतं. शिक्षक साधारण एकच सेकंद थांबत होते. ती वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली की मुलांची उत्तरं लांबली, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे वर्गात फार मोठी शांतता वाटते. ती सहन करणारा शिक्षक सापडला तर शाळा निवडायचं निम्मं काम झालं.

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे. धडा घडाघडा वाचतो, खालच्या प्रश्नांची उत्तरंही लिहितो. पण “गोष्टीत काय झालं?” विचारलं की गप्प. शाळा म्हणते, वाचन उत्तम आहे.

उत्तर : खालची ओळ वाचा : “खुमटा भोरका तळचीत झिपुडला.” आता सांगा, खुमटा भोरका कुठे झिपुडला? तळचीत. कोण झिपुडला? खुमटा भोरका. दोन्ही उत्तरं बरोबर, आणि समजलं काहीच नाही. धड्याखालचे ‘कोण’, ‘कुठे’, ‘कधी’ असे बरेचसे प्रश्न असेच सुटतात. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा आणि त्याच्या शेजारचा शब्द उचलायचा, हे मुलांना फार लवकर जमतं. त्यामुळे शाळेला वाचन उत्तम वाटतं यात नवल नाही.

गफ आणि टनमर या वाचन-संशोधकांनी १९८६ साली एक साधं सूत्र मांडलं : वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले ऐकलेली भाषा समजण्याची क्षमता. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. एक बाजू शून्य असली की सगळं शून्य. तेव्हा आधी कुठली बाजू कच्ची आहे ते शोधा. त्यासाठी मुलाने न वाचलेला, त्याच्याच इयत्तेचा ७०-८० शब्दांचा उतारा घ्या. तो *तुम्ही* वाचून दाखवा आणि “हे असं का झालं असेल?”, “पुढे काय होईल?” असे दोन-तीन प्रश्न विचारा. दुसऱ्या दिवशी तेवढाच अवघड दुसरा उतारा त्याला वाचायला लावून तसेच प्रश्न विचारा.

ऐकून समजलं पण वाचून समजलं नाही, तर अक्षरं जुळवण्यातच सगळी शक्ती खर्च होते आहे. वरवर वाचन घडाघडा वाटलं तरी जोडाक्षरं आणि मात्रांशी झगडा चालू असू शकतो. ‘र’ जोडाक्षरात चार वेषांत येतो : सूर्य, चक्र, राष्ट्र, वाऱ्या. यातला एक जरी ओळखीचा नसला तरी मूल त्या शब्दावर अंदाज ठोकतं आणि पुढे जातं. पहिली वेलांटीही फसवी. ती लिहायची व्यंजनाच्या आधी आणि उच्चारायची नंतर, म्हणून ‘दिवा’ शब्दावर काही मुलं आधी वेलांटीवर थबकतात, मग ‘द’कडे वळतात. अशा मुलासाठी एकच परिच्छेद तीन दिवस वाचायचा. पहिल्या दिवशी अडलेले शब्द वेगळे काढून म्हणायचे, दुसऱ्या दिवशी सलग वाचायचं, तिसऱ्या दिवशी कुणाला तरी ऐकवायचं. रोज दहा मिनिटं पुरतात. तिसऱ्या दिवशी आवाजात चढ-उतार आले की समजा अर्थ लागू लागला.

ऐकूनही समजलं नाही, तर अडचण शब्दसंपत्तीची आणि माहितीची आहे. मग शुद्धलेखनाची पानं भरून काही होणार नाही. रोज पंधरा मिनिटं त्याला *वाचून दाखवा*, त्याच्या स्वतःच्या वाचनाच्या पातळीपेक्षा थोडं वरचं. मध्येच थांबून एखादा शब्द दुसऱ्या शब्दांत सांगा आणि पुढे चला. प्रत्येक पानावर प्रश्न विचारू नका. गोष्टीचं उत्तरपत्रिकेत रूपांतर झालं की मूल उठून जातं, आणि त्याचं बरोबर असतं.

प्रश्न : मी नवीन शिक्षिका आहे, पहिलीचा वर्ग आहे. आधी पूर्ण मुळाक्षरं, मग बाराखडी, मग शब्द असा क्रम घ्यावा का?

उत्तर : नको. त्या क्रमात मूल कित्येक महिने अर्थ नसलेल्या खुणा गिरवत बसतं, आणि वाचणं म्हणजे काय हे त्याला कळतच नाही. सुरुवातीला चार-पाच अक्षरं आणि दोन स्वरचिन्हं घ्या. म, क, ल, ब यांना काना आणि दुसरी वेलांटी जोडली की लगेच मका, लाल, माल, काका, मामा, बाबा, काकी, मामी हे शब्द वाचता येतात. दुसऱ्या आठवड्यात मूल खरंखुरं वाक्य वाचतं : ‘काका, मका लाल!’ मग तीन-चार अक्षरांची नवी भर घाला. आधीची अक्षरं नव्या शब्दांत परत परत येतील असं बघा.

एक काळजी घ्या. ‘कमळ’ सुटं सुटं म्हटलं की ‘क-म-ळ’ या तिन्ही अक्षरांत ‘अ’ येतो, पण बोलताना शेवटच्या ‘ळ’मधला ‘अ’ आपण गाळतो. मूल सुट्या अक्षरांचे उच्चार नुसते जोडत बसलं तर ओळखीचा शब्दही त्याला ओळखू येत नाही. म्हणून अक्षरं म्हणून झाल्यावर “आता बोलतो तसं म्हण” ही सूचना हवीच. ती विसरली की मुलं चौथीपर्यंत ताल धरून वाचत राहतात. बाराखडी जरूर घ्या, पण एवढं झाल्यावर. तेव्हा ती मुलांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींचा तक्ता वाटते आणि चटकन पाठ होते.

प्रश्न : तिसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी दर वर्षी अडते. शून्य आलं की निम्मा वर्ग चुकतो. सराव वाढवूनही उपयोग होत नाही.

उत्तर : सराव वाढवण्याआधी चुका वाचा. सगळ्या चुका सारख्या नसतात. ३०२ − १४७ हे एकच गणित वर्गाला द्या. बरोबर उत्तर १५५. चुकलेल्यांची उत्तरं वेगवेगळ्या गठ्ठ्यांत लावा.

२४५ आलं असेल तर मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला : ७ मधून २, ४ मधून ०, ३ मधून १. वरच्या *संख्येतून* खालची *संख्या* काढायची आहे हे त्याच्या मनात नाहीच. त्याला फक्त सुटे अंक दिसतात. १६५ आलं असेल तर त्याने शतकाकडून एक घेतला, दशकाच्या जागी १० केले, एककाला १२ केले, पण एककाला दिलेला दशक दशकांमधून कमी केला नाही. हा मुलगा उत्तराच्या अगदी जवळ आहे. १४५ आलं असेल तर त्याने शतकातला एक थेट एककाला दिला, मधलं शून्य ओलांडून, आणि दशकाच्या घरात पुन्हा उलटी वजाबाकी केली. या तिघांना मिळून एकच ‘पुन्हा नीट कर’ सांगणं म्हणजे तिघांनाही काहीच न सांगणं.

उपाय काड्यांचा. दहा काड्यांना रबर लावून एक दशक, असे दहा गठ्ठे मोठ्या रबरात बांधून एक शतक. चार-चार मुलांच्या गटाला तीन शतकं आणि दोन सुट्या काड्या द्या आणि सांगा, १४७ काढून दाखवा. सात सुट्या काड्या द्यायच्या आहेत आणि हातात दोनच आहेत. दशकाचा गठ्ठा एकही नाही. मुलं थोडा वेळ एकमेकांकडे बघतात. थांबा, सांगू नका. कुणीतरी शतकाचं मोठं रबर काढतं आणि दहा दशकं मोकळी होतात. मग त्यातल्या एका दशकाचं रबर निघतं. आता समोर काय आहे? २ शतकं, ९ दशकं, १२ सुट्या. यातून १ शतक, ४ दशकं आणि ७ सुट्या बाजूला केल्या की उरतात १, ५, ५. शून्याच्या जागी ९ कुठून येतो हे मुलांनी आता डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

चूक होते ती पुढच्या पायरीत. काड्या एक दिवस दाखवायच्या आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर उभी मांडणी, असं केलं की काड्या आणि आकडे यांचा मुलांच्या डोक्यात संबंधच जुळत नाही. दोन-तीन दिवस काड्या *आणि* मांडणी शेजारी-शेजारी चालू द्या : रबर काढलं की लगेच वहीत ३ खोडून २ लिहायचे, दशकाचं रबर काढलं की १० खोडून ९. त्यानंतर काड्यांऐवजी चित्र : शतकाला चौकोन, दशकाला उभी रेघ, एककाला ठिपका. मग नुसते आकडे. आधी वस्तू हाताळणं, मग चित्र, मग चिन्ह हा क्रम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६०च्या दशकात मांडला. तो घाईने ओलांडला की वर्षभर तेच गणित पुन्हा शिकवावं लागतं.

काड्या मागणाऱ्या मुलाला “तू अजून तिथेच?” असं कुणी म्हणता कामा नये. काड्या कपाटात नकोत, खिडकीपाशी उघड्या टोपलीत हव्यात. हवं त्याने उचलाव्यात.

प्रश्न : अपूर्णांक तिसरीत, चौथीत, पाचवीतही. दर वर्षी तेच का?

उत्तर : एकच कल्पना दर वर्षी थोड्या वरच्या पातळीवर भेटावी, यासाठी. ब्रूनर यांनीच १९६० साली या रचनेला सर्पिल, म्हणजे गोल जिन्यासारखा वर जाणारा, अभ्यासक्रम म्हटलं. प्रश्न एवढाच की जिना खरंच चढतो आहे की मूल त्याच पायरीवर गोल फिरतं आहे. तपासायला सोपं आहे. मुलाला विचारा, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? “चार तीनपेक्षा मोठा, म्हणून एक चतुर्थांश,” असं उत्तर पाचवीतही येत असेल तर दर वर्षी नुसती चित्रं रंगवून झाली आहेत. सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या द्या. एकीच्या घड्या घालून तीन भाग, दुसरीचे चार. भाग वाढले की भाग लहान होतो हे एकदा हाताने केलं की विसरत नाही. मग त्याच पट्ट्या संख्यारेषेवर ठेवा. अपूर्णांक ही एक *संख्या* आहे आणि तिला रेषेवर जागा आहे, ही खरी वरची पायरी. बऱ्याच वर्गांत ती राहूनच जाते.

प्रश्न : आठवड्यात एक तास मूल्यशिक्षणाचा. गोष्ट सांगते, तात्पर्य विचारते, सगळे अचूक सांगतात. मधल्या सुट्टीत तीच मारामारी. चांगलं वागणाऱ्यांना चांदण्या देते, त्याचाही परिणाम ओसरला.

उत्तर : तात्पर्य सांगणं हे मुलांसाठी भाषेच्या पेपरातल्या प्रश्नासारखं आहे. उत्तर कोणतं अपेक्षित आहे ते त्यांना ठाऊक असतं. चांदण्यांचं म्हणाल, तर लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३चा प्रयोग शिक्षकांनी लक्षात ठेवावा असा आहे. ज्या मुलांना चित्र काढायला मनापासून आवडायचं, त्यांतल्या काहींना आधी बक्षीस कबूल केलं. नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं चित्रकलेकडे इतरांपेक्षा कमी वळली. जे आवडीने होत होतं ते मोबदल्याचं काम झालं. मदत करण्याचंही तसंच होतं.

त्या तासाची वर्गसभा करा. वर्गात एक पेटी ठेवा. आठवडाभर ज्याला जे खटकलं ते त्याने चिठ्ठीवर लिहून टाकायचं. नियम एकच : चिठ्ठीत माणसाचं नाव नाही, घडलेली गोष्ट लिहायची. “अमुक मला ढकलतो” नाही, “नळावर ढकलाढकली होते.” सभेला सगळे गोल करून बसतील, शिक्षिकाही खाली, गोलातच. वीस मिनिटांत एक, फार तर दोन चिठ्ठ्या घ्या. काय होतं? त्याचा कुणाला काय त्रास होतो? आता काय करून बघायचं? या तीन प्रश्नांवर जे ठरेल ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहा, आठवडाभर करून बघा आणि पुढच्या सभेची सुरुवात त्याच मुद्द्याने करा. जमलं नसेल तर बदला. हा आढावा टाळला की तिसऱ्या आठवड्यात पेटी रिकामी राहते, कारण बोलून काही होत नाही हे मुलांना कळतं.

सभा बिघडते ती बहुधा दोन कारणांनी. एक, शिक्षिका न्यायाधीश होतात आणि सभेत कुणीतरी आरोपी उभा राहतो. दोन, भांडण ताजं असतानाच सभा भरते. ताज्या भांडणाला आधी वेगळं बसवून निवू द्यावं. चोरी, अंगाला झालेली इजा, घरातली दुःखं हे विषय सभेत कधीच घेऊ नयेत. ते एकट्या मुलाशी, दार लोटून बोलायचे.

वर्गातल्या वस्तूही मूल्यं शिकवतात. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये ‘बालगृह’ ही लहान मुलांची शाळा सुरू केली. त्यांच्या साधनांत लाकडी ठोकळ्यातल्या खळग्यांत बसणारे दहा दंडगोल असतात. एक जरी चुकीच्या खळग्यात गेला तरी शेवटी कुठलातरी एक बसत नाही. चूक शिक्षक दाखवत नाहीत, लाकूड दाखवतं, आणि मूल न रागावता पुन्हा सुरुवात करतं. उत्तरांचा तक्ता कोपऱ्यात लावून मुलांना आपलं गणित आपणच तपासू देणं हे त्याच जातीचं. पहिल्या आठवड्यात काहीजण उत्तरं बघून लिहितील. त्यावर गुण नाहीत हे पटलं की बघणं आपोआप कमी होतं.

प्रश्न : आमच्या शाळेत गुण देत नाहीत, शेरे देतात. ‘छान प्रगती, अजून प्रयत्न हवेत.’ मला यातून काय समजायचं?

उत्तर : काहीच समजणार नाही, तुमची तक्रार रास्त आहे. गुण काढून टाकणं योग्यच. रूथ बटलर या संशोधिकेने १९८८ साली तपासलं तेव्हा नुसता लेखी अभिप्राय मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं. अभिप्रायासोबत गुणही दिले तेव्हा मात्र तो फायदा राहिला नाही, कारण नजर आकड्यावरच जाते. पण तो अभिप्राय कामाविषयी होता. ‘छान’ हा अभिप्राय नव्हे.

कामाचा शेरा असा असतो : “शंभरपर्यंतच्या संख्यांची बेरीज तोंडी करते. हातच्याच्या वजाबाकीत शून्य आलं की अडते, ३०२ − १४७ मध्ये १६५ आलं. सध्या काड्या घेऊन करते आहे.” काय येतं, कुठे अडतं, पुढे काय, हे तीन वाक्यांत आलं. चाळीस मुलांसाठी सगळ्या विषयांत असं लिहिणं शक्य नाही, हे खरं. म्हणून शाळेला दर सत्राला दोनच विषयांचे असे शेरे मागा आणि सोबत मुलाच्या कामाचे दोन नमुने, एक सत्राच्या सुरुवातीचा आणि एक शेवटचा, तारीख घातलेले. दोन कागद शेजारी ठेवले की पुष्कळसं तुमचं तुम्हालाच दिसेल.

प्रश्न : गृहपाठ किती असावा?

उत्तर : इयत्तेमागे दहा मिनिटं असा ढोबळ संकेत शिक्षणक्षेत्रात वापरतात : दुसरीला वीस, चौथीला चाळीस. आमच्या मते पहिली-दुसरीत तेवढाही नको, मोठ्यांसोबतचं वाचन पुरे. आणि मुलाला जे एकट्याने करता येत नाही ते गृहपाठात देऊच नये. पुठ्ठ्याची प्रतिकृती रात्री अकरा वाजता आई-वडील चिकटवत असतील तर सकाळी शाळेत ती तशीच नेऊ नका. मुलाने जेवढी केली तेवढीच न्या आणि वहीत एक ओळ लिहा : “एवढं त्याने स्वतः केलं आहे, चाळीस मिनिटं लागली.”